मेळघाटला हिवाळ्यात जाताना जुन्या कपड्यांची पोती घरीच राहू द्या

पुण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची सुट्टी आहे, सोबत सत्तरीतले आई-वडील, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी आहे, आणि मेळघाट पाहायचे आहे. सोसायटीतल्या मंडळींनी 25,000 रुपये आणि दोन पोती गरम कपडे जमवून दिले आहेत. मुलीला वाघ दाखवायचा आहे आणि जंगलासाठी ‘काहीतरी करायचे’ आहे. हे सगळे एकाच सहलीत कसे बसवावे?

मी अमरावतीची. गेली 22 वर्षे मेळघाटात निसर्ग शिबिरे घेते आणि स्थानिक मुलामुलींच्या मार्गदर्शक प्रशिक्षणात शिकवते. त्या अनुभवावरून पहिल्यांदा एवढेच सांगते की, तुम्ही पाहणे आणि मदत करणे ही दोन वेगळी कामे धरली आहेत आणि अडचण तिथेच आहे. तीन दिवस जंगल पाहायचे आणि चौथ्या दिवशी सकाळी वाटपाचा कार्यक्रम करून निघायचे, असा आराखडा माझ्यापुढे दर हिवाळ्यात येतो. प्रत्यक्षात तुम्ही कुठे मुक्काम करता, कोणाला सोबत घेता, काय विकत घेता, गाडी कशी चालवता आणि संध्याकाळी शेकोटी मागता की नाही, यातच तुमच्या मदतीचा मोठा वाटा ठरून जातो. पंचवीस हजारांचा विचार त्यानंतरचा आहे, तो शेवटी करू.

आधी वाघाचा विषय संपवते. मेळघाट हा 1973-74 मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आणि महाराष्ट्रातला पहिला. गाभा (आतला संरक्षित भाग) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) मिळून त्याचे क्षेत्र सुमारे 2,768 चौरस किलोमीटर भरते. ताडोब्याचे सुमारे 1,727 आहे. म्हणजे जंगल मोठे, पण ते सातपुड्याच्या घड्यांमध्ये दडलेले आहे. गाविलगडाच्या डोंगररांगा, खोल दऱ्या आणि बांबूची बेटे यांमुळे रस्त्यावरून फार आतपर्यंत नजर जात नाही. त्यात डिसेंबरात सागाची पाने अजून झाडावर असतात, गवत माणसाच्या कमरेच्या वर असते आणि नाल्यानाल्यांत पाणी असते, त्यामुळे प्राण्यांना ठरावीक पाणवठ्यावर यावेच लागत नाही. उन्हाळ्यात जो प्राणी तहानेने तुमच्यासमोर येतो, तोच हिवाळ्यात दहा पावलांवर असूनही दिसत नाही. मुलीला वाघच दाखवायचा असेल तर एप्रिल-मे मध्ये ताडोब्याला जा, असे मी कोणालाही मोकळेपणाने सांगते. मेळघाटला यायचे ते दुसऱ्या कारणांसाठी.

ती कारणे कोणती? हिवाळ्यात पहाटेच्या दवाने वाटेवरची धूळ दबलेली असते आणि तिच्यावर रात्रभराची हालचाल स्वच्छ उमटते. नऊ वर्षांच्या मुलीला चालत्या जिप्सीतून लांबवर दिसलेल्या पिवळ्या ठिपक्यापेक्षा हे वाचायला शिकवणे मला फार मोलाचे वाटते. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा लहान मुलाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो, फक्त पुढे नखांच्या खुणा लांब असतात. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, रानकुत्र्याच्या ठशात उमटतात. एवढ्या दोन गोष्टी कळल्या की मूल पुढचा तासभर मान खाली घालून चालते, आणि आई-वडिलांना वाटते की ते कंटाळले आहे. आमच्या शिबिरात अशाच एका मुलीने सेमाडोहच्या मुक्कामाजवळच्या वाटेवर सांबराच्या खुरांवर पडलेला बिबट्याचा ठसा दाखवून विचारले होते की, हा त्याच्या मागे गेला की नुसताच नंतर गेला? सोबतचे वनरक्षक गुडघ्यावर बसले, दोन्ही ठशांच्या कडा बोटाने न शिवता पाहिल्या आणि म्हणाले, सांबराच्या ठशात दव पडलेले आहे, याच्या नाही. म्हणजे सांबर रात्री गेले आणि बिबट्या पहाटे. त्या दिवशी आम्हाला एकही मोठा प्राणी दिसला नाही आणि कोणाची तक्रारही नव्हती.

दुसरे कारण रानपिंगळा. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी 1884 नंतर शास्त्रज्ञांच्या हाती लागलाच नव्हता आणि तो नामशेष झाला असे बहुतेकांनी धरले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला, म्हणजे 113 वर्षांनी. पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आढळली. तो दिवसा वावरतो, आणि थंडीत सकाळी उन्हाची पहिली तिरीप पडली की उघड्या फांदीवर येऊन बसतो, म्हणून हिवाळा त्याच्यासाठी उत्तम. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ कोरे, छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग पांढरा आणि पाय अंगाच्या मानाने दणकट असतात. एक विनंती मात्र आवर्जून करते. त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावू नका आणि मार्गदर्शकालाही तसा आग्रह करू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून तो शिकार किंवा घरटे सोडून धावत येतो, आणि दर सकाळी चार गाड्यांनी हाच खेळ केला तर त्या जोडीची वीण बिघडू शकते.

आता तारखांकडे येऊ. शक्य असेल तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा आणि जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा घ्या. वर्षअखेरीस चिखलदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, मुक्कामाच्या जागा भरलेल्या असतात आणि गर्दीत नियम सैल होतात. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडवली, हे तुम्ही वाचले असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेली माणसे काही दुष्ट नव्हती. ती सुट्टीवर आलेली, पैसे मोजलेली आणि ‘आज दिसलाच पाहिजे’ अशा मनःस्थितीतली माणसे होती, आणि चालक व मार्गदर्शक त्या आग्रहापुढे नमले. म्हणून गाडीत बसतानाच चालकाला सांगून ठेवा की, प्राण्यापासून किमान 20 मीटरचे अंतर आम्हाला चालेल, जवळ नेले नाही म्हणून आम्ही नाराज होणार नाही आणि बक्षीसही कमी करणार नाही. हे एक वाक्य ऐकून चालकाचा चेहरा कसा सैल पडतो ते पाहा.

मुलीच्या शाळेमुळे तारीख बदलता येत नसेल, तर मुक्काम चिखलदऱ्याऐवजी सेमाडोह किंवा कोलकास येथे करा. हे तुमच्या आरक्षणावर अवलंबून आहे. ‘मॅजिकल मेळघाट’ या अधिकृत संकेतस्थळावर वनविभागाच्या संकुलांचे आणि सफारींचे आरक्षण होते, आणि प्रवेशाचे दिवस, वेळा व दर बदलत असल्याने ते तिथेच पाहावेत. चार दिवसांतले जवळपास दोन दिवस पुणे ते परतवाडा आणि परत यात जातात, हे विसरू नका. शेगावचे दर्शन, नरनाळा किल्ला, चिखलदरा, सेमाडोह आणि मुक्तागिरी असा पाच ठिकाणांचा बेत मी दरवर्षी पाहते. त्यात लोक फक्त घाट पाहतात. एकाच जागी तीन रात्री राहा. आई-वडिलांना उघड्या जिप्सीत पुढच्या आसनावर बसवा, कान आणि छाती नीट झाका, आणि दोन सफारींपैकी एकच त्यांच्यासाठी ठेवा. दुसऱ्या सकाळी त्यांना कोलकासला सिपना नदीच्या वरच्या बाजूला, ओट्यावर उन्हात बसू द्या. सिपना हा इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेतला सागाचा शब्द आहे, आणि तिथे बसल्यावर नदीला हे नाव का पडले ते समजावून सांगावे लागत नाही. नदीकाठच्या खोलगट भागात रात्री थंड हवा साठून राहते, त्यामुळे चिखलदऱ्याच्या पठारापेक्षा तिथे पहाट जास्त बोचते. पुण्याची थंडी धरून कपडे भरू नका.

येथून मदतीचा भाग सुरू होतो, आणि पहिला मुद्दा शेकोटीचा आहे. हिवाळ्यात येणारा प्रत्येक गट शेकोटी मागतो. ती लाकडे आसपासच्या जंगलातूनच मोळीने येतात. एका संध्याकाळी जळणारे ओंडके म्हणजे कोणा पक्ष्याची ढोली किंवा वाळवीचे आणि पर्यायाने अस्वलाचे अन्न असते. शिवाय ठिणगीचा प्रश्न आहेच. तुम्ही शेकोटी नको म्हटलेत आणि एक जास्तीची रजई मागितलीत, तर त्या दिवशी एक मोळी कमी लागली. मला ही मदत कपड्यांच्या पोत्यापेक्षा मोठी वाटते, पण तिचा फोटो निघत नाही, हे खरे.

दुसरा मुद्दा, जो शहरातल्या माणसाला सहसा दिसत नाही, तो आगीचा आहे. आपल्याकडे वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरला जातो. त्याआधी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मुद्दाम मोकळे केलेले पट्टे) तयार व्हाव्या लागतात, म्हणजे तुम्ही गुलाबी थंडीचा आनंद घेत असता त्या दोन महिन्यांत वनरक्षक आणि वनमजूर वर्षातले अतिशय कष्टाचे काम करत असतात. ठरलेल्या पट्ट्यातले गवत कापायचे, ते वाळू द्यायचे, मग वारा पडलेला पाहून पट्टा जाळायचा आणि आग बाजूला सरकू नये म्हणून हातात ओल्या पानांच्या डहाळ्या घेऊन दोन्ही कडांना उभे राहायचे. पानगळ सुरू झाली की त्याच पट्ट्यावर पुन्हा पाचोळा पडतो आणि तो पुन्हा झाडावा लागतो. काही ठिकाणी आता पाचोळा उडवणारे ब्लोअर आहेत. ते पाठीवर घेऊन डोंगर चढायचा असतो. पुढे मार्चमध्ये मोहाची फुले पडू लागली की ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखाली आग लावली जाते आणि तीच कधी कधी हाताबाहेर जाते. कोहा, कुंड, बोरी, वैराट यांसारखी गावे पुनर्वसित झाल्यावर त्यांच्या जागी जी कुरणे उभी राहिली, तिथे गवे आणि सांबरे चरायला येतात. पण तेच वाळलेले उंच गवत आगीला सर्वांत आधी बळी पडते. म्हणून प्रवासात कुठे काळा पट्टा दिसला तर ‘जंगल जाळले’ असे म्हणून फोटो टाकू नका. तो बहुधा जंगल वाचवण्यासाठीच जाळलेला असतो.

तुम्हाला या कामात हात लावता येईल का? कुटुंबासह चार दिवसांत नाही, आणि आगीच्या कामात अननुभवी माणूस ओझेच होतो. स्वयंसेवक म्हणून खरेच काही करायचे असेल तर देशभरची व्याघ्रगणना पाहा. 2006 पासून ती दर 4 वर्षांनी होते आणि तिचे क्षेत्रीय काम बहुतेक हिवाळ्यात असते. पहिले तीन दिवस मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत पायी फिरायचे, पुढचे तीन दिवस ठरलेल्या सरळ रेषेवर चालून तृणभक्षी मोजायचे, मुक्काम संरक्षण कुटीत, म्हणजे वन कर्मचाऱ्यांच्या जंगलातल्या चौकीत, आणि जेवण जे शिजेल ते. विभाग वेळोवेळी स्वयंसेवकांकडून अर्ज मागवतो. तुम्ही एकटे त्यासाठी पुन्हा येऊ शकता. या सहलीला ते जोडू नका.

आता ती दोन पोती. मी स्वतः ही चूक केलेली आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही शिबिरार्थींकडून स्वेटर जमवले आणि एका कोरकू गावात वाटले. कोरकू गावात घरे समोरासमोर दोन रांगांत असतात आणि मधला रस्ता म्हणजे गावाचे अंगण. त्या अंगणात आम्ही टेबल मांडले, मुलांची रांग लावली, फोटो काढले. अर्ध्या स्वेटरांची मापे मोठी होती, काहींच्या चेन तुटलेल्या होत्या. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या मुलाला काही उरले नाही. त्यानंतरच्या प्रत्येक शिबिरात आमची गाडी दिसली की मुले हात पसरून धावू लागली, आणि ही सवय आम्हीच लावली होती, ती त्यांची नव्हती. गावातल्या एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारले, बाई, पुढच्या वेळी ज्वारीच्या सोंगणीला मजूर हवे असतील तर आमच्याकडून न्या ना. काम मागत होते ते. त्यांच्या नजरेला नजर देणे मला त्या दिवशी जमले नाही.

म्हणून माझा सल्ला असा की कपडे पुण्यातच योग्य ठिकाणी द्या आणि मेळघाटात खर्च करा. मार्गदर्शक स्थानिकच घ्या आणि शक्य असेल तर सगळे दिवस तोच घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तो तुमच्या मुलीशी खरे बोलू लागतो. बचत गटाच्या महिला स्वयंपाक करत असतील तिथे जेवा आणि कुटकीचा (एक भरड धान्य) भात मिळत असेल तर आधी सांगून करवून घ्या. लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राच्या कारागिरांनी केलेली एखादी वस्तू घ्या. मोथा गावात गवळ्यांचा खवा मिळतो, जवळपास स्ट्रॉबेरीची शेतेही आहेत, आणि चिखलदऱ्याची कॉफी थोडी का होईना पण घेऊन जा. किमतीत घासाघीस करू नका. बांबूच्या टोपलीत पन्नास रुपये वाचवून पाचशेचे दान करणे मला कधीच समजले नाही.

उरले 25,000 रुपये. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पांसाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली, आणि पर्यटनाचे शुल्क व देणग्या त्या प्रतिष्ठानामार्फत त्याच प्रकल्पाच्या कामी लावता येतात. मेळघाटचेही असे प्रतिष्ठान आहे. रक्कम तिथे द्या, पावती घ्या. गेटवर किंवा कुटीवर कोणाच्या हातात रोख देऊ नका, त्यात देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. पण रक्कम देण्याआधी, निघण्याच्या निदान तीन आठवडे अगोदर, संबंधित विभागीय कार्यालयाला साधे पत्र लिहून विचारा की, या हंगामात नेमके काय कमी पडते आहे.

हे विचारणे किती महत्त्वाचे आहे, ते आम्ही पैसे घालवून शिकलो. एका वर्षी आम्ही वर्गणी काढून संरक्षण कुट्यांसाठी 40 विजेऱ्या आणल्या. झोत लांब जाणाऱ्या, पाण्याने न बिघडणाऱ्या, सगळ्यांना आवडलेल्या. त्यांना लागणारे सेल मात्र धारणीत मिळत नव्हते, परतवाड्यातही नाही, फक्त अमरावतीत एका दुकानात. फेब्रुवारीत मी पुन्हा गेले तेव्हा एका कुटीत आमची विजेरी खिळ्याला टांगलेली होती आणि वनमजूर आपली जुनी, सौर पट्टीवर चार्ज होणारी विजेरी घेऊन गस्तीला निघाले होते. त्यांनी ती टांगलेली विजेरी पुसून ठेवलेली होती, एवढेच समाधान. पुढच्या वर्षी आम्ही आधी विचारले. उत्तर आले ते मोजे आणि पायाला नीट बसणाऱ्या बुटांचे, प्रत्येकाच्या मापाच्या यादीसह. ती यादी आम्हाला स्वतःहून कधीच सुचली नसती.

थोडक्यात तुमच्या प्रश्नापुरते सांगायचे तर: तारीख जानेवारीत ढकलता आली तर ढकला, मुक्काम एकाच जागी ठेवा, वाघाचे वचन मुलीला देऊ नका, रक्कम पत्रव्यवहार करूनच प्रतिष्ठानाला द्या. आई-वडिलांची औषधे जास्तीची ठेवा, कारण सेमाडोहच्या पुढे दवाखाना आणि मोबाइलचे नेटवर्क दोन्ही भरवशाचे नाहीत, आणि इंधन परतवाड्यालाच भरून घ्या. घाटात चाळीसच्या वर गाडी नेऊ नका. अंधार पडल्यावर हा रस्ता सशांचा, भेकरांचा आणि उदमांजरांचा असतो.

एक शेवटची गोष्ट. अचलपूर-परतवाड्याच्या भागात त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागलेले असतात आणि तुम्ही ती घ्यालच, घ्यावीतच. घाटात गाडी थांबली की वानरे आणि माकडे खिडकीशी येतात आणि मुले एक फोड पुढे करतात. त्या एका फोडीमुळे तो प्राणी रस्त्यावर बसायला शिकतो आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली जातो. मी घाटातल्या वळणांवर अशी मेलेली पिल्ले उचलून बाजूला ठेवलेली आहेत. काच वर ठेवा, आणि साली पिशवीत भरून परत येताना परतवाड्याच्या कचराकुंडीत टाका.